बाईचा सवाल आणि कॅमेऱ्याचा हिशोब

आपल्याकडे डॉक्युमेंटरीवर लिहायचं म्हणजे तिचा 'विषय' सांगायचा, 'अंतर्मुख करणारी' असं एक विशेषण चिकटवायचं आणि हात झटकायचे. कॅमेरा धरणारा माणूस कोण, तो तिथं किती वेळ उभा होता, त्याला पैसा कुणी दिला, काढलेलं चित्र कापलं कुणी, ते पुढं कुठं गेलं, हे कुणी विचारत नाही. कापडाची तारीफ करायची आणि मागावर कोण उभा होता ते विचारायचं नाही, त्यातलाच हा प्रकार. पांढरपेशा समीक्षकाला ते परवडतं. आपल्याला परवडत नाही, कारण बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या पुढं आपण असतो आणि मागं दुसराच.

म्हणून हा लेख कॅमेरावाल्याच्या कामावर आहे. समोर घेतली आहे आनंद पटवर्धन यांची 'जय भीम कॉम्रेड' (२०११). ही फिल्म आपल्या मढ्यांवर, आपल्या शाहिरावर, आपल्या गाण्यांवर उभी आहे. ज्याच्या जिवावर ती उभी आहे त्यानं तिचा हिशोब मागायचा नाही तर कुणी मागायचा?

पण सुरुवात त्यांच्याच जुन्या फिल्मपासून केली पाहिजे. 'हमारा शहर', १९८५ सालची. मुंबईत झोपड्या तोडल्या जात होत्या त्यावरची. तिच्यात झोपडीतली एक बाई कॅमेरावाल्यालाच झाडते. गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्या पदरात काय पडणार, काही करता येत नसेल तर फोटो कशाला काढता, अशा अर्थाचं ती बोलते. तोंड चुकवत नाही, भीडभाड ठेवत नाही. आणि पटवर्धनांनी हा तुकडा कापला नाही. एक कात्री मारली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. तो त्यांनी ठेवला, लोकांना दाखवला. एवढं श्रेय त्यांना रोख दिलं पाहिजे.

त्या बाईच्या बोलण्यात दोन सवाल आहेत, ते वेगवेगळे केले पाहिजेत. एक : फोटो काढल्यावर तू कुठं जाणार? दोन : हा फोटो कुणाचा? तुझा की माझा? माझं म्हणणं असं, की 'जय भीम कॉम्रेड'नं पहिल्या सवालाचं उत्तर दिलं आहे, आणि असं दिलं आहे की आपण त्यापासून शिकलं पाहिजे. दुसऱ्या सवालाचं उत्तर तिनं दिलेलं नाही. ते ती देऊही शकत नाही. ते आपल्यालाच द्यायचं आहे.

आधी हे काम कसं चालतं ते बघू. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन उभं राहिलं आणि पुढं कितीतरी वर्षं डॉक्युमेंटरी म्हणजे सरकारी माहितीपट असाच अर्थ होता. थेटरात सिनेमाच्या आधी तो दाखवावाच लागायचा. धरण, कारखाना, हार घातलेले मंत्री. त्यात आपण असलोच तर 'उद्धार' करून घेणारे म्हणून. सरकारच्या पैशाबाहेर, सरकारच्या मर्जीबाहेर फिल्म करणारी माणसं ठळकपणे दिसू लागली ती सत्तरच्या दशकात, आणीबाणीच्या आगेमागे. पटवर्धन त्यातले. पैसा स्वतः उभा करायचा, कॅमेरा बहुतेक वेळा स्वतः धरायचा, एडिटिंग स्वतः करायचं, आणि मग ती दाखवायला स्वतःच दारोदार फिरायचं. दूरदर्शनवर यावी म्हणून त्यांना पुनःपुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली. 'स्वतंत्र निर्माता' हा शब्द ऐकायला मोठा वाटतो. रोजच्या कामात त्याचा अर्थ हमाल, कारकून, कॅमेरावाला आणि पोस्टमन एकाच अंगात, एवढाच.

दुसरी गोष्ट यंत्राची. 'हमारा शहर'च्या काळात हे काम सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर चालायचं. चारशे फुटांचं रीळ कॅमेऱ्यात अकरा मिनिटं चालतं. संपलं की कॅमेरा बंद, नवं रीळ भरा. रिळाला पैसा, ते धुवायला पैसा. म्हणजे कॅमेरावाल्याच्या डोक्यात सारखा हिशोब : हा माणूस अर्ध्या मिनिटाचा आहे की दोन मिनिटांचा? आपला माणूस बोलायला लागला की आधी घसा खाकरतो, मग आजोबापासून सुरू करतो, मग रडतो आणि मग मुद्द्यावर येतो. तोवर रीळ संपलेलं असतं! मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहतो. यंत्राचा वेग माणसाची चाल ठरवतो हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. कॅमेऱ्याचंही तेच आहे.

व्हिडिओ आल्यावर हे बदललं. एका लहान कॅसेटवर तासभर चित्र, कॅसेट स्वस्त, धुणं-बिणं नाही. कॅमेरा एका माणसाच्या हातात मावणारा. म्हणजे आता थांबता येतं. म्हातारीचं बोलणं संपेपर्यंत थांबता येतं, शाहिराचं कडवं संपेपर्यंत थांबता येतं. 'जय भीम कॉम्रेड' जवळपास तीन तासांची आहे आणि तिच्यात गाणी तुकड्या-तुकड्यात येत नाहीत, दम खाऊन येतात. वस्तीतल्या बाया गातात, पोरं गातात, कबीर कला मंचाची शीतल साठे गाते. काही जण म्हणतात फिल्म लांबली. मी म्हणतो, तिनं आपल्याला ऐकून घेतलं. आपली चळवळ गाण्यावर चाललेली आहे. गाणं अर्ध्यावर तोडणारा कॅमेरा आपल्या काही कामाचा नाही.

आता मूळ गोष्ट. ११ जुलै १९९७. घाटकोपरचं माता रमाबाई आंबेडकर नगर. पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक बाहेर आले, हमरस्ता अडवला. राज्य राखीव दलाच्या तुकडीनं गोळीबार केला. दहा माणसं मेली. सरकारी बाजूनं सांगितलं की जमाव गॅसचे टँकर पेटवायला निघाला होता, म्हणून गोळ्या घालाव्या लागल्या. आणि चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरेनं मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. डोक्याला निळं फडकं बांधून. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गाणारा माणूस मरताना निळा होऊन मेला. ज्या डाव्या सांस्कृतिक मंचात तो गात होता त्यांनी त्याला आधीच बाहेर काढलं होतं.

हाच विलास 'हमारा शहर'मध्ये गायला होता. म्हणजे पटवर्धनांच्या फिल्ममधला माणूस मेला. इथं त्या बाईचा पहिला सवाल कॅमेरावाल्याच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहतो : फोटो काढलास, आता कुठं जाणार? दुसरा कुणी असता तर श्रद्धांजलीची वीस मिनिटांची फिल्म करून मोकळा झाला असता. पटवर्धन चौदा वर्षं थांबले. चौकशी आयोग बसला, उठला. गुंडेवार आयोगानं गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षक मनोहर कदमवर ठपका ठेवला. २००९ साली सत्र न्यायालयानं त्याला जन्मठेप सुनावली आणि थोड्याच दिवसांत हायकोर्टातून त्याला जामीन मिळाला. दरम्यान २००६ साली खैरलांजी झालं; कॅमेरा तिथंही गेला. सरकारी टँकरची गोष्ट फिल्म मुकाट गिळत नाही. जागा कुठली, वेळ कुठली, अंतर किती, हे तपासत जाते. हे काम प्रतिभेचं नाही. हे पायांचं काम आहे, आणि जपून ठेवण्याचं काम आहे. १९८५ सालची विलासची रिळं जपलेली होती म्हणून २०११ साली विलास पुन्हा गातो.

त्या बाईच्या पहिल्या सवालाला माझ्या मते एवढं एकच उत्तर असू शकतं : मी जाणार नाही, मी परत परत येईन.

आता दुसरा सवाल. फोटो कुणाचा?

इथं आपल्यातले काही मित्र पटकन म्हणतात, कॅमेरामागं सवर्ण आहे, डावा आहे, बस्स, फिल्म बाद! एवढ्यानं भागलं असतं तर बरं झालं असतं. फिल्ममधला एक भाग आठवा. सहा डिसेंबर, चैत्यभूमीला लाखोंची गर्दी, आणि शिवाजी पार्कच्या बाजूची सुखवस्तू माणसं कॅमेऱ्यापुढं गर्दीबद्दल, घाणीबद्दल बोलतात. नाकं मुरडून, हसत हसत, मोकळेपणानं बोलतात. का बोलतात? कारण समोर उभा असलेला माणूस त्यांना आपल्यातला वाटतो. तिथं आपल्या वस्तीतला पोरगा कॅमेरा घेऊन उभा राहिला असता तर तेच लोक म्हणाले असते, 'बाबासाहेब फार मोठे, आम्हाला आदर आहे'. आणि दार लावून घेतलं असतं. म्हणजे कॅमेरावाल्याची जात हीसुद्धा एक किल्ली आहे. काही कुलपं तिच्यानंच उघडतात. पटवर्धनांनी ती किल्ली आपल्याविरुद्ध वापरली नाही, आतलं बाहेर आणून ठेवलं. हे नाकारणं म्हणजे बेइमानी होईल.

पण तीच किल्ली आपल्या दाराला कशी लागेल? फिल्ममध्ये मागून सवाल येतो, पुढून आपण उत्तर देतो. आवाज ऐकू येतो, विचारणारा क्वचितच दिसतो. मेलेल्याची आई काय बोलेल, कुठं थांबेल, हे विचारणाऱ्यावर ठरतं. पाहुण्यापुढं आपली माणसं दुःख मांडतात आणि भांडण झाकतात. रिपब्लिकन गटांनी आपापसांत काय केलं, घरात बाईला काय सोसावं लागतं, पोटजातीचं काय, नवऱ्याच्या दारूचं काय, हे मावशी आपल्या भाचीला सांगेल, कॅमेऱ्याला नाही. भाचीच्या हातात कॅमेरा असेल तर कॅमेऱ्याला सांगेल. ती फिल्म अजून व्हायची आहे.

आणि तिसरी जागा कात्रीची. चौदा वर्षांच्या चित्रातून तीन तास काढायचे, बाकीचं ठेवून द्यायचं. काय ठेवायचं ते एकाच माणसानं ठरवलं. त्यानं प्रामाणिकपणे ठरवलं असं मी मानतो. तरी सवाल सवालच राहतो. फिल्मच्या नावातच 'जय भीम' आणि 'कॉम्रेड' शेजारी बसवलेत. ही त्यांची इच्छा आहे, त्यांना हे दोन शब्द एकत्र हवे आहेत. विलासच्या मरणाचा अर्थ त्या इच्छेतून लावला जातो. माझ्यासारखा गिरणीत राबणारा जय भीमवाला म्हणेल की ही इच्छा चुकीची नाही. पण कॉम्रेड आधी जात समजून घ्यायला किती वर्षं लावणार, हा सवाल फिल्मनं विचारला असला तरी त्याच्यावर पुरेसं थांबायला हवं होतं. ज्यांनी विलासला बाहेर काढलं त्यांच्या समोर कॅमेरा मेलेल्याच्या आईसमोर थांबतो तेवढा थांबायला हवा होता. आपली कात्री असती तर ती इथं वेगळी चालली असती.

तर मग नुसता कॅमेरा आपल्या हातात आला की काम झालं का? नाही. याला परदेशातला एक दाखला आहे, आणि तो परका नाही, कारण १९७२ साली आपण पँथर हे नाव तिथल्याच काळ्या भावांकडून घेतलं. ३ मार्च १९९१ ला लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या माणसाला रस्त्यावर लोळवून मारलं. समोरच्या बाल्कनीतून जॉर्ज हॉलिडे नावाच्या माणसानं ते घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यावर घेतलं. जगानं पाहिलं. तरी एप्रिल १९९२ मध्ये ज्युरीनं पोलिसांना सोडलं आणि शहर पेटलं. कोर्टात पोलिसांच्या वकिलांनी तीच टेप अगदी सावकाश, एकेक चित्र थांबवून दाखवली होती, आणि प्रत्येक काठीला कारण जोडलं होतं. टेप खरी होती. तिचा अर्थ लावायची जागा दुसऱ्याच्या हातात होती.

उलट दाखला २५ मे २०२० चा, मिनियापोलिसचा. डार्नेला फ्रेझर, सतरा वर्षांची काळी पोर, दुकानात निघालेली. पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा ठेवला होता. तिनं मोबाइल धरला आणि नऊ-दहा मिनिटं धरून ठेवला. हलली नाही, पळाली नाही. पोलिसांचं पहिलं पत्रक म्हणत होतं की माणसाला तब्येतीचा त्रास झाला. तिच्या चित्रानं ते खोटं पाडलं. आणि २०२१ साली ती स्वतः कोर्टात साक्षीला उभी राहिली. चित्र काढणारी आणि चित्राबद्दल बोलणारी एकच होती. तो पोलीस दोषी ठरला. फरक कॅमेऱ्याच्या किमतीत नाही. फरक उभं राहण्यात आहे, आधी रस्त्यावर आणि मग पिंजऱ्यात.

आपल्यातही हा वारसा आहे, फक्त आपण तो मोजत नाही. ७ डिसेंबर १९५६ ला मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. आज प्रत्येक वस्तीत जी हलती चित्रं दाखवली जातात, ती नामदेवराव व्हटकरांनी त्या दिवशी पदरमोड करून कॅमेरा लावला म्हणून आहेत. स्वतःची मिळकत गहाण टाकून केलं असं सांगतात. सरकारची वाट बघत ते बसले असते तर आज काय राहिलं असतं? १९८४ साली अहमदाबादेत 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेत भाजी विकणाऱ्या, अक्षरओळखही नसलेल्या बायका व्हिडिओ कॅमेरा शिकल्या. २०१२ च्या सुमारास हैदराबादेत रविचंद्रन या दलित संशोधकानं 'दलित कॅमेरा' सुरू केला; साध्या कॅमेऱ्यावर आपल्या माणसांची भाषणं, मुलाखती, साक्षी घेतल्या. चित्र हलतं, आवाजात वारा येतो. येऊ दे! माणूस पुरा बोलतो.

आता आपण आपल्याकडे बघू. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मोर्चा निघाला की घोषणा देणाऱ्यांपेक्षा मोबाइल धरणारे जास्त. पंधरा सेकंदांचा तुकडा, त्याला डीजेचं गाणं, वर निळा रंग, पाठवून मोकळे. तारीख नाही, गाव नाही, कुणी काढलं त्याचा पत्ता नाही. दोन महिन्यांनी मोबाइल भरला की पुसून टाकला. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमाला दगड पडत होते तेव्हा किती मोबाइल चालू होते! त्यातली मूळ चित्रं आपल्या तालुक्यात कुणाकडे तारीख-वेळेसकट आहेत, हे प्रत्येक शाखेनं आज विचारून बघावं. पटवर्धन चौदा वर्षं कॅसेटी जपतात आणि आम्ही चौदा दिवस जपत नाही. मग कॅमेऱ्यामागं सवर्ण आहे म्हणून कुणावर ओरडायचं?

म्हणून थोडं कामाचं बोलतो. व्हॉट्सअपवरून फिरलेलं चित्र दबतं, त्याची मूळ ओळख पुसली जाते. मूळ फाईल ज्या मोबाइलवर काढली तिथून तशीच दोन जागी उतरवून ठेवावी. कोर्टात नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र लागतं. आधी ते साक्षी पुराव्याच्या कायद्याच्या कलम ६५ब खाली होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे. त्यात फाईलचा हॅश द्यावा लागतो. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. एक चित्र इकडचं तिकडं झालं की ठसा बदलतो. ही वकिलाची कामं नाहीत, ही कॅमेरावाल्याची कामं आहेत. आणि अॅट्रॉसिटीच्या कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं कलम १५अ आलं. त्यात म्हटलंय की या कायद्याखालच्या गुन्ह्यांच्या सगळ्या कार्यवाहीचं व्हिडिओ चित्रण व्हावं. आपल्यातल्या किती जणांनी ही मागणी अर्ज लिहून केली आहे?

आणखी एक. चित्र पोलिसाच्या टेबलावरही जातं. कबीर कला मंचाच्या पोरांनी काय सोसलं ते आपल्यासमोर आहे : भूमिगत होणं, २०१३ साली विधान भवनासमोर स्वतःला हवाली करणं, आणि मग काहींची वर्षंच्या वर्षं तुरुंगात. गाणारा आत जातो, कॅमेरावाला बाहेर राहतो. म्हणून साक्षीदाराचा चेहरा दाखवायचा की नाही हे साक्षीदाराला विचारून ठरवायचं, आपल्या जोशावर नाही. तो 'नको' म्हणाला तर नको. ही पहिली लोकशाही.

'जय भीम कॉम्रेड' जरूर बघा. पडदा लावून वस्तीत बघा, एकट्यानं मोबाइलवर नको. ही फिल्म वस्त्यावस्त्यांत उघड्यावर दाखवली गेली आहे, तिथंच तिची खरी परीक्षा होते. बघून झाल्यावर टाळ्या वाजवून उठू नका. बायांना विचारा : यात तुमचं काय आलं, काय राहिलं? जे राहिलं ते लिहून काढा. तीच आपल्या फिल्मची पहिली पटकथा.

आणि प्रत्येक शाखेनं एक पोरगा आणि एक पोरगी या कामाला लावावी. फक्त या कामाला. त्यांच्याजवळ एक वही असावी : तारीख, गाव, कोण बोललं, कुणी काढलं, फाईल कुठं ठेवली. दर ११ जुलैला ती वही सगळ्यांसमोर वाचावी. भाषण कमी झालं तरी चालेल. कॅमेरा उसना मिळतो, दुकानात मिळतो, खिशात तर आहेच. ती वही कुठल्याच दुकानात मिळत नाही, ती आपल्यालाच भरावी लागेल.

जय भीम!